खंडित बाड

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं. माझं कोल्ड वापरलं, शब्द दिला, आणि माझ्या वडिलांचं बाड मला परत द्यायच्या ऐवजी खाडीत सोडून दिलं. हे पहिल्यांदाच सांगून मोकळी होते. पुढे जे लिहायचंय त्यात धुकं फार आहे, आणि धुक्यात माणसं हळूच निसटतात.

कोल्ड म्हणजे मासे गोठवून ठेवायची खोली. भांडुपला माझ्या गाळ्यात अशा दोन खोल्या आहेत. दार उघडलं की आतली थंडी बाहेरच्या दमट हवेला भिडते आणि उंबऱ्यावर पांढरं धुकं उभं राहतं. त्यातून आत जायचं आणि बाहेर यायचं, अशी वीस-बावीस वर्षं गेली. त्याआधी आम्ही विक्रोळीच्या चाळीत राहायचो, आणि आईबरोबर मी कंपनीच्या कॉलनीत दारोदार सुकट विकायची. मूठभर जवळ्यासाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या बायकांनी मला सौदा शिकवला. समोरचा काय बोलतो यापेक्षा कुठल्या शब्दावर अडखळतो, ते ऐकायचं. त्या एका कानावर मी हे सगळं उभं केलं. रागाचं म्हणाल तर तो वडिलोपार्जित नाही, माझी स्वतःची कमाई आहे. बाबा कधी चिडायचे नाहीत.

बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर एका कारखान्याच्या गेटवर बसत. ते पोटाचं काम. जिवाचं काम नमनाचं. नमन म्हणजे आमच्या रत्नागिरीकडचा खेळ. आधी गण, मग गवळण, मग सोंगं नाचवायची, मग वग. मुंबईत आलेल्या आमच्या माणसांनी मुलुंडला मंडळ काढलं, आणि बाबा मंडळासाठी पदं बांधायचे. ती एका लांबट, वरच्या बाजूला शिवलेल्या वहीत लिहायचे. अशा वहीला बाड म्हणतात. लिहायला त्यांच्याकडे गिरणीतली एक पेन्सिल होती. कोरडी असताना करडी, ओली केली की जांभळी उमटायची. बाबा तिचं टोक जिभेला लावून लिहीत. पद जमलं त्या दिवशी त्यांची जीभ जांभळी असायची, आणि मला वाटायचं, गाणी ही जांभळांसारखी झाडावरून पाडून खायची वस्तू आहे.

त्या बाडाची पहिली चार पानं मी फाडली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई तापाने पडली होती, टोपलीत जवळा तसाच होता, आणि मला एकटीला विकायला जायचं होतं. पुड्या बांधायला रद्दी नव्हती. फळीवर बाड होतं. चार पानांच्या आठ पुड्या झाल्या. सगळ्या खपल्या, चाळीच्या शेवटच्या बिऱ्हाडापर्यंतही पोचले नाही. संध्याकाळी बाबांनी बाड उघडलं तर गण नाही. नमन गणाशिवाय सुरू होत नाही. त्यांनी बराच वेळ त्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. मला हाक मारली नाही, काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना रद्दीचा एक गठ्ठा आणला आणि टोपलीजवळ ठेवला. गण त्यांना तोंडपाठ होता. तो त्यांनी परत कधी लिहून काढला नाही.

जाण्याआधी दोन वर्षं बाबांनी बाड मंडळाला दिलं. मंडळाच्या हॉलखाली एक खोली होती. तिथे गावोगावची बाडं, रावणाचे आणि संकासुराचे मुखवटे, पायात बांधायचे चाळ, जुने मृदुंग, कुणाकुणाचे फोटो असा संग्रह ठेवला होता. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर तो सांभाळायचे. बाबा गेल्यावर मी बाड परत मागितलं. संग्रहात आलेली वस्तू बाहेर जात नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मी भांडले, मग गप्प बसले, मग पुन्हा भांडले. वर्षातून दोनदा जाऊन पाहून यायचे. मास्तर चष्मा पुसून कपाट उघडायचे, बाड माझ्या मांडीवर ठेवायचे आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसायचे. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी हॉलला आग लागली.

लग्नाची सजावट होती. कापडी छताला दिव्याची आच लागली आणि बघता बघता मांडव पेटला. माणसं वेळेत बाहेर आली, नवरानवरी रस्त्यावर उभी राहिली, बंबवाल्यांनी आग विझवली. आग वरच राहिली. पाणी मात्र खाली आलं. छताच्या भेगांतून ते तासभर झिरपत राहिलं, बरोबर मास्तरांच्या खोलीत.

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी कोळंबीच्या सौद्यात होते. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाय गो," म्हणाले, "सगला भिजला." तीस वर्षं शाळेत शुद्ध बोललेला माणूस त्या दिवशी आपल्या आईच्या भाषेत बोलला. मी सौदा टाकून निघाले.

ती खोली मला अजून दिसते. घोट्यापर्यंत पाणी. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा पाण्यावर पडलेला, आणि त्या उजेडात दहा तोंडांचा रावण आकाशाकडे बघत सावकाश तरंगत चाललेला. मागून संकासुर. कुठेही घाई नव्हती. वरून थेंब पडायचा आणि सगळी तोंडं हलकेच हलायची, जणू कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. कपाटाच्या खालच्या फळ्यांवरची बाडं पाणी पिऊन पुऱ्यांसारखी फुगली होती. मास्तर पाण्यात खुर्ची टाकून बसले होते. मी बाबांचं बाड शोधलं. ते मधल्या फळीवर होतं, वरून ठिबकत होतं, आणि त्याच्या कडेने जांभळं पाणी ओघळत होतं.

तोवर मंडळातल्या बायकांनी काम सुरू केलं होतं. ओलं काही दिसलं की आमच्या बायकांना एकच सुचतं, आणि मे महिना म्हणजे तर वाळवणाचाच. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर साड्या पसरून त्यांनी बाडं उन्हात घातली होती. पलीकडे कुणाच्या कुरडया होत्या. एक जण काठी घेऊन कावळे हाकत होती. गच्चीवर पोचले तेव्हा क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं. पांढऱ्या कुरडया आणि पिवळी पानं एकाच उन्हात शेजारी शेजारी वाळताहेत, आणि बायका गवळण गुणगुणताहेत. मग जवळ जाऊन पाहिलं तर पानं पापडासारखी आकसून एकमेकांना चिकटली होती.

मास्तरांनी एका बाईंना बोलावलं होतं. जुने कागद दुरुस्त करणं हे त्यांचं काम. पूर्वी एकदा येऊन त्यांनी संग्रहाची यादी केली होती, आणि मास्तर त्यांना कागदांची डॉक्टरीण म्हणायचे. त्या आल्या, गच्चीवर नजर टाकली आणि सगळ्यात आधी उन्हातलं उचलायला लावलं. त्यांनी शांतपणे समजावलं. एवढी बाडं एकदम सुकवता येणार नाहीत. या हवेत दोन दिवसांत बुरशी धरेल. ती गोठवून ठेवायची, म्हणजे आहे तिथे थांबतील. मग थंड, कोरड्या दिवसांत थोडी थोडी काढून पंख्याखाली सुकवायची. मोठं कोल्ड कुणाच्या ओळखीत आहे का, असं त्यांनी विचारलं. गच्चीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मे महिना हा आमच्या धंद्याचा कळीचा महिना. जूनपासून मासेमारी बंद, म्हणून मेमध्ये जो तो माल भरून ठेवतो. तेव्हा खोली रिकामी करायची म्हणजे वर्षभराची गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या दारात पाठवायची. अध्यक्ष मला जिन्यात घेऊन गेले. जळक्या कापडाचा वास सुटला होता. सौदा तिथे झाला.

ते आधी म्हणाले, "देवाची पदं म्हावऱ्यात ठेवायची म्हणजे जरा..."

"आपल्या देवाला कोंबडा चालतो ना काका?" मी म्हटलं. "मग त्याला बांगड्याचा वास नाही येणार."

ते हसले नाहीत. मी सांगितलं की एक खोली धुऊन, पुसून, पूर्ण मोकळी करून देते. भाडं नको. कितीही महिने लागू देत. मला एकच वस्तू हवी, बाबांचं बाड.

"वाचलं तर माझं," मी म्हटलं.

"वाचलं तर तुझं," ते म्हणाले. "जा, माझा शब्द."

आम्ही हातावर हात मारला.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बाडं बांधली. बाईंनी सांगितलं, उघडायची नाहीत, पिळायची नाहीत, दाबायची नाहीत, मूल उचलतात तशी उचला. एकेक बाड वेगळ्या पिशवीत. खोक्यांवर मालाचं नाव घालायची मला सवय, माझं अक्षर ठसठशीत, आणि बर्फातही न फुटणारं मार्कर माझ्याकडेच होतं. म्हणून पिशव्यांवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाई यादीवरून सांगायच्या, मी लिहायची. नंबर, लिहिणाऱ्याचं नाव, आणि मग पूर्ण किंवा खंडित. खंडित म्हणजे काय, मी विचारलं. ज्याची काही पानं गेली आहेत ते, बाई म्हणाल्या. याद्यांमध्ये असंच लिहितात.

बाबांच्या बाडाची पाळी आली. बाई म्हणाल्या, पहिली चार पानं नाहीत, खंडित. माझा हात थांबला. मग मी बाबांचं नाव लिहिलं आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं, खंडित.

त्यानंतरचे महिने मला एखाद्या लांबलेल्या झोपेसारखे आठवतात. बाहेर घामाच्या धारा असायच्या, नंतर चिखल, आणि आत मात्र कायम एकच ऋतू. फळ्यांवर ओळीने पिशव्या. काही दिवसांत त्यांच्यावर हिमाची लव आली, आणि निळसर दिव्यात ती लव कापसासारखी चमकायची. स्वेटर, त्यावर जॅकेट, डोक्याला मफलर गुंडाळून मी रोज दहा मिनिटं आत जाऊन एका उपड्या क्रेटवर बसायची. हिशेब नाही, फोन नाही. पंख्याची घरघर ऐकत राहायची. थोड्या वेळाने ती मृदुंगासारखी वाटायला लागे. मग मला दिसायचं की आमच्या गावच्या देवळासमोर बर्फ पडलाय. कौलांवर बर्फ, माडांवर बर्फ, आणि अंगणात नमन चाललंय. रावण हळू नाचतोय, त्याच्या दहाही तोंडांतून वाफ निघतेय. बाबा मृदुंगाच्या बाजूला उभे आहेत. गण सुरू व्हायचाय, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत, कारण तो माझ्या पुड्यांत गेलाय. मला लाज वाटायची नाही. मी नुसती बसून असायची. कुणीच घाईत नव्हतं.

एकदा दार उघडून माझा मॅनेजर म्हणाला, "ताई, कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, मालाशी. त्यानंतर मी आत असले की तो दार उघडायचा नाही.

बाबांच्या पिशवीतून जांभळा रंग दिसायचा. गोठायच्या आधी जेवढा ओघळला तेवढाच, तिथेच थांबलेला. वेळ थांबवायचा धंदा मी इतकी वर्षं करत आले, पण थांबलेला वेळ दिसतो कसा हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळ्यात एकदा आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. माझा जनरेटर दोन्ही खोल्यांना पुरेना. मॅनेजरने विचारलं, कुठली खोली चालू ठेवू. मी म्हटलं, बाडांची. दुसऱ्या खोलीतला माल नरम पडत गेला, तो मिळेल त्या भावाला काढला. एका हॉटेलवाल्याने फोनवर मला वेडी ठरवलं. मी त्याला दिलेली शिवी इथे लिहीत नाही.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली. मास्तरांनी शाळेतली एक खोली मिळवली. दर आठवड्याला थोड्या पिशव्या माझ्याकडून जायच्या. शनिवारी बाई यायच्या. कोऱ्या कागदांत पानं ठेवायची, कागद बदलत राहायचं, पंखा लांबून, ऊन अजिबात नाही. मी दोनदा गेले. दोऱ्यांवर, टेबलांवर, बाकांवर पानंच पानं. पंखा फिरला की सगळी खोली श्वास घेतल्यासारखी वर यायची आणि खाली बसायची. मास्तर त्यातून अनवाणी हिंडायचे. एका पानावरची गवळण त्यांना लागली, त्यांनी ती हळू आवाजात म्हटली, आणि शेवटची ओळ दोनदा म्हटली. पानं वाकडीतिकडी झाली होती, डाग होते, पण अक्षर होतं. बाबांच्या बाडाचं काय, मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या पेन्सिलीचा रंग ओल धरतो, ते सगळ्यात शेवटी काढू, फेब्रुवारीत. एवढी वर्षं थांबले, अजून दोन महिने. मी थांबायला तयार होते. थांबण्यात आता मला गोडी लागली होती.

जानेवारीत मी मालाच्या कामासाठी रत्नागिरीला गेले. सकाळची वेळ, धक्क्यावर लिलाव रंगात आलेला, आणि अध्यक्षांचा फोन आला. एका कानात लिलाव, एका कानात ते. म्हणाले, "तुझ्याकडची खंडित बाडं आज नेतो गं. त्यांचं आधी उरकून घेतो."

मी म्हटलं, "न्या ना काका." वर थँक्यू म्हटलं. मला वाटलं, सुकवायला. बाईंनी बेत बदलला असेल. मॅनेजरला फोन करून सांगितलं, खंडित लिहिलेल्या सगळ्या पिशव्या द्या. 'उरकून' हा शब्द ऐकू आला होता. इतकी वर्षं मी माणसांचे शब्द चिमटीत धरून पाहिलेत, आणि तो एक शब्द माझ्या समोरून चालत गेला.

रविवारी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले. मी परतीच्या गाडीत होते, खिडकीबाहेर गवतावर दव होतं. पहिल्या फोटोत ऐरोलीच्या पुलाजवळचा खाडीचा काठ. दुसऱ्यात अध्यक्ष, खांद्यावर उपरणं, पायाशी नारळ, अगरबत्त्या. तिसऱ्यात एक सूप. सुपात झेंडूची फुलं, हळदकुंकू, आणि सगळ्यात वर एक वितळून ओली झालेली पिशवी. पिशवीवर माझं अक्षर. बाबांचं नाव. खंडित. चौथ्या फोटोत सूप रिकामं. खाली लिहिलं होतं की संग्रहातल्या खंडित पोथ्यांचं विधिवत विसर्जन झालं. त्याखाली जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग. कुणीतरी लिहिलं होतं, छान काम.

आमच्याकडे देवाची मूर्ती भंगली की ती खंडित झाली असं म्हणतात. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. फाटक्या पोथीचंही तसंच. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्यातल्या कुणालाही माहीत आहे. यादीतला शब्द आणि देवघरातला शब्द एकच आहेत, हे मात्र मार्कर हातात असताना माझ्या डोक्यात आलं नाही.

स्टेशनवर उतरून मी घरी गेले नाही, सरळ मुलुंडला गेले. अध्यक्ष मंडळाच्या ऑफिसात चहा पीत होते.

"काका, माझं बाड कुठंय?"

"खंडित होतं ते. खंडित वस्तू आपण घरात ठेवत नाही, मंडळात कशी ठेवणार? त्यात ते आठ महिने म्हावऱ्याच्या जागेत. नीट विधी करून सोडलंय. तुझ्या बापाचं सोनं झालं."

"तुम्ही मला शब्द दिला होता."

"वाचलं तर तुझं, असं म्हणालो होतो," ते म्हणाले. "मी उघडून पाहिलं ना. सगळं जांभळं. एक ओळ वाचता येत नव्हती. वाचलं कुठे?"

मी सौद्यातली माणूस आहे. समोरच्याने शब्दाचा दुसरा अर्थ काढून माझ्या पुढ्यात ठेवला, तेव्हा रागाच्या आधी मला ती चाल कळली. मग राग आला. मी टेबल उलटवलं. चहा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. दोघांनी मला धरलं. मी काय काय बोलले ते त्या दोघांना विचारा, त्यांना पाठ असेल. जाताना पाहिलं तर खालच्या खोलीचं नवं दार लागलं होतं आणि आत केटररची पातेली रचलेली होती. संग्रहाची कपाटं कमी झाली की जागा वाढते, एवढं गणित मलाही येतं. त्या गणितापायी विसर्जन झालं असं मी म्हणत नाही. मी पातेली पाहिली, एवढंच सांगते.

बाईंना ते त्याच फोटोंवरून कळलं. त्यांनी फोन केला आणि म्हणाल्या, ते वाचता आलं असतं. जांभळं पसरलं तरी पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. तिरका उजेड टाकून फोटो काढला की खाचा दिसतात, आणि खाचांतून अक्षर लागतं. यादी करताना प्रत्येक बाडाच्या वरच्या पानाचा एक फोटो त्यांनी घेतला होता. बाबांच्या बाडाचा तो त्यांनी मला पाठवला. वरचं पान म्हणजे पाचवं पान. ते एका गवळणीच्या मधूनच सुरू होतं, यमुनेच्या वाटेवर कुणीतरी कुणालातरी अडवलंय आणि कोण ते आधीच्या पानावर राहिलंय.

मास्तर शाळेतल्या खोलीत उरलेली बाडं सुकवत राहिले. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. त्यांनी मान हलवली, नाही. मग म्हणाले, "बाय, मला विचारलं असतं तरी मी बोललो असतो का, सांगता येत नाही." खरं बोलणाऱ्या माणसावर मला चिडता येत नाही.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी खाडीवर गेले. ओहोटी असली की पाणी लांब जातं आणि चिखल उघडा पडतो, रुपेरी, आरशासारखा. तिवरांच्या मुळांत फुलं अडकलेली, प्लॅस्टिक अडकलेलं. थंडीच्या दिवसांत तिथे फ्लेमिंगो उतरतात. धुक्यात ते आधी दिसत नाहीत. नुसता एक गुलाबी डाग हलताना दिसतो, मग त्याला पाय फुटतात, मग माना. हजारभर पक्षी चोच चिखलात घालून सावकाश पुढे सरकत असतात, जणू कुणी जुनं काहीतरी ओळीओळीने वाचतंय. मी काठावर उभी राहून पाण्यात जांभळं शोधायची. एकदा दिसलं. उजाडतानाचा रंग होता तो, थोड्या वेळाने गेला. थंडी वाजायची नाही. कोल्डातली थंडी माझ्या अंगात मुरली आहे.

आगीतून वाचलं, बंबाच्या पाण्यातून वाचलं, गच्चीवरच्या उन्हातून वाचलं, ट्रान्सफॉर्मर उडाला त्या दिवशीही वाचलं. शेवटी हळदकुंकवाने गेलं. खंडित लिहिलेली एकोणीस बाडं होती. त्यात फक्त माझे बाबा नव्हते. प्रत्येकावर माझ्या अक्षरात कुणाच्यातरी बापाचं, आजोबांचं नाव होतं. त्यांच्या घरच्यांनी ग्रुपवर हात जोडले, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही.

माझ्या वाटणीचं मी इथे लिहिलंय. पानं मी फाडली. तो शब्द मी लिहिला. 'न्या' मी म्हणाले. याचा जबाब ज्यांना द्यायचाय त्यांना मी देईन, आणि ते चिडणाऱ्यातले नाहीत.

पण मंडळाची सभा पुढच्या महिन्यात आहे, आणि हा कागद मी प्रत्येक सभासदाच्या घरी देणार आहे. अध्यक्षांनी त्या दिवशी उठून उभं राहावं आणि सगळ्यांसमोर सांगावं. पिशवी उघडण्याआधी तिच्यावरचं माझ्या वडिलांचं नाव तुम्ही वाचलं होतं की नव्हतं? वाचलं होतं, तर ज्या मुलीला शब्द दिला तिला एक फोन करून 'सोडतोय' एवढं का सांगितलं नाही, 'उरकतोय' का म्हणालात? आणि बाकीच्या अठरा घरांना न विचारता त्यांचे बाप पाण्यात सोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? शास्त्र सांगू नका, मुहूर्त सांगू नका. या तीन प्रश्नांची उत्तरं द्या, त्याशिवाय सभा पुढे जाणार नाही.